गिरणीचा भोंगा आणि आषाढीची रजा



हल्ली दिंडीच्या मुक्कामी किंवा सप्ताहाच्या पंगतीत बसले की एक विषय हमखास निघतो. मुलगा मुंबईला नोकरीला आहे, भाड्याच्या खोलीत राहतो, गावाकडची दोन एकर विकून बदलापूरकडे किंवा विरारकडे घर घ्यावे म्हणतो. करावे का? काही जण चटकन सांगून टाकतात की शहर म्हणजे माया, तिथे कसले आले भजन. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. आपलीच माणसे गेली दीडशे वर्षे मुंबईत राहत आली आहेत. त्यांनी तिथे काय मिळवले आणि काय गमावले, तो हिशेब आपल्यापुढे आहे. तो न पाहता शहराला नावे ठेवणे बरे नव्हे.

आधी संतांकडे पाहू. सावतोबा अरण सोडून कुठे गेले नाहीत. मळा हेच त्यांचे पंढरपूर, आणि देवच त्यांच्या भेटीला गेला अशी आपली श्रद्धा आहे. नाथ महाराज पैठणसारख्या गजबजलेल्या नगरात प्रपंच करून राहिले. नामदेवराय तर पंजाबात घुमानपर्यंत पोचले. आणि चोखोबा? ते मंगळवेढ्याला गेले ते मजुरीला, गावकुसाचे बांधकाम करायला. कूस कोसळले, त्याखाली ते गेले. परंपरेने हे वर्ष १३३८ मानले आहे. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी झाली. कामासाठी गाव सोडणारा आणि कामाच्या जागीच देह ठेवणारा वारकरी आपल्या संप्रदायाला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. त्याला कुणी ‘तू पंढरी सोडून का गेलास’ असे विचारले नाही. त्याच्या अस्थी घरी आणल्या.

आता मुंबईकडे वळू. कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणी काढायचे ठरवले ते १८५४ साली, आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. त्याच्या आसपासच, १८५३ मध्ये, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ गेले आणि घाटावरचा माणूस मुंबईला जोडला गेला. कोकणातून बोटीने, साताऱ्या-पुण्याकडून गाडीने, कित्येक तर पायी, माणसे येऊ लागली. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या दर शंभर माणसांपैकी चौऱ्याऐंशी माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. एवढ्या मोठ्या शहरात ‘इथला’ म्हणावा असा माणूस शोधूनच काढावा लागला असता.

ही माणसे कशी राहिली? परळ, लालबाग, शिवडी, डिलाईल रोड, नायगाव, वरळी हा पट्टा म्हणजे गिरणगाव. एकेका गावाने वर्गणी काढून एक खोली घ्यायची, तिला गावकीचा गाळा म्हणायचे. भिंतीला ट्रंका, खुंटीला पिशव्या, कोपऱ्यात देव. दिवसपाळीचा कामावर गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन झोपायचा. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. आपल्या गावाकडचा गोठा याहून ऐसपैस असतो.

जेवायला खानावळ. ती चालवणारी बाई बहुधा कामगाराचीच बायको किंवा विधवा असे. तिच्या चुलीवर वीस-पंचवीस जणांचे जेवण व्हायचे. एकादशी कुणाची, उपास कुणाचा, हे तिला तोंडपाठ असे. अशा बायांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्या आधीची शंभर वर्षे या बायांची नावे कुठे लिहिलेली सापडत नाहीत. मुंबईतल्या भजनाचा इतिहास लिहायचा तर त्यात पहिले पान त्यांचे असायला हवे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पोटात भाकरी असल्याशिवाय टाळ वाजत नाही.

भजन तर होतेच. माणूस ट्रंकेत दोन धोतरांच्या मध्ये टाळ घालून आणीत असे. संध्याकाळी गाळ्यात हरिपाठ, एकादशीला चाळीच्या अंगणात रात्रभर भजन, वर्षातून एकदा सप्ताह आणि पारायण. वीणा पहाऱ्याने फिरायची. ज्याची जी पाळी, त्याप्रमाणे पहारा वाटून घ्यायचा. गिरणीच्या पाळ्यांनी वीणेचे पहारे ठरावेत, हे पाहून हसू येते आणि डोळेही भरतात. ज्यांना पंढरपूर गाठता येत नसे ते वडाळ्याच्या विठोबाला जात. आजही आषाढीला तिथे रांग लागते आणि लोक त्या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात.

पण माउली, वारीला वेळ लागतो. माउलींची पालखी आळंदीहून निघाल्यापासून पंढरीला पोचेपर्यंत जवळजवळ तीन आठवडे जातात. गिरणीत तर एक दिवसाची सुटी मिळायची मारामार. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि विजेचे दिवे आल्यावर मावळतीचीही अट राहिली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी काही गिरण्यांत चौदा-चौदा तास यंत्रे चालत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या मागण्या काय होत्या पाहा: आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास जेवायला. रविवार का, तर तो खंडोबाचा वार, असे लोखंडे म्हणत, असे सांगतात. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारी लोळत पडतो ती सुटी माणसांनी झगडून मिळवलेली आहे, आणि त्यामागे देवाला वेळ मिळावा ही इच्छाही होती. १८९७ मध्ये प्लेगने लोखंडे गेले. पुढे १९११ च्या कायद्याने गिरणीत बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, १९४८ मध्ये नऊ. एकेक तास काढायला दहा-पंधरा वर्षे लागली.

आषाढीची रजा मात्र कायद्यात कुठे नव्हती. ती मुकादमाच्या हातात. त्याला खूश ठेवायचे, आपल्या जागी बदली कामगार द्यायचा आणि परत येईपर्यंत काम राहील की नाही याची धाकधूक घेऊन चालायचे. ज्यांना तीन आठवडे जमत नसत ते आगगाडीने दशमीला पोचत, एकादशीचे दर्शन घेऊन लगेच परतत. बिनपगारी रजा हीच त्यांची दक्षिणा.

आता हिशेबाची दुसरी बाजू. ही बाजू आपण कीर्तनात फारशी सांगत नाही. १९२१ मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे सव्वापाचशे. बाकीच्या कुठे होत्या? गावी. त्यांनी शेत कसले, गुरे सांभाळली, सासूसासऱ्यांचे केले, पोरे वाढवली. १८८० पासून पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली आणि पाचदहा रुपयांबरोबर दोन ओळी खुशालीच्या येऊ लागल्या. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले, गिरणगावात राबले, त्यांनी गावी राहिलेल्या मैनेवर गाणे केले; ते इतके गाजले कारण ती मैना घरोघरी होती. शहराने तरणाताठा देह घेतला आणि त्याचे बालपण, आजारपण व म्हातारपण गावावर टाकले. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा लाखो माणसे गावी पळाली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तेव्हाही कित्येक घरे गावच्या धान्यावर जगली. २०२० मध्ये टाळेबंदी झाली, पालख्या चालल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरीला नेल्या; आणि तेव्हाही शहरातली माणसे पुन्हा गावाचीच वाट चालू लागली. मुंबईची मजुरी मुंबईला परवडली, कारण तिच्या पाठीशी गावाकडचा एक एकर आणि एक बाई उभी होती. म्हणूनच जमीन विकून घर घ्यायचे म्हटले की माझ्या मनात पहिला प्रश्न पैशांचा येत नाही. पुढचा प्लेग, पुढचा संप आला तर माघारी कुठे जाणार, असा तो प्रश्न असतो.

एवढे असूनही मी त्या माणसांना चुकली म्हणणार नाही. गावात दुष्काळ होता, सावकार होता, आणि कित्येकांना तर विहिरीवर पाणीही भरू देत नसत. गिरणीतही शिवाशिव होती. विणकाम खात्यात दलितांना घेत नसत, हे विसरू नये. तरी चाळीत पोराला शाळा मिळाली, संघटना मिळाली, आणि आपल्या मनाने भजनात उभे राहायला जागा मिळाली. हे गावात मिळाले असते का? अनेकांना नसते मिळाले.

खरी अडचण नंतर आली, शहर पसरल्यावर. जुन्या गिरणगावात भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरात गिरणी, खानावळ, देऊळ आणि गाववाले असत. पाळी सुटली की माणूस चालत भजनाला यायचा. गिरण्या गेल्या, तिथे मनोरे आले, आणि गिरणी कामगाराचा मुलगा गेला कल्याण, बदलापूर, विरारला. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. जाऊन-येऊन तीन-चार तास. कायद्याने पन्नास वर्षांत कमी केलेले तास लोकलने परत घेतले, आणि त्याबद्दल कुठे मोर्चाही निघाला नाही. घर मोठे झाले, हरिपाठाची वेळ मात्र गाडीत गेली.

मग आपल्या माणसांनी भजनच गाडीत नेले. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, डब्याच्या कडेला माउलींची तसबीर, हातात टाळ, पाठीला पत्रा. आत घुसलेल्या दमलेल्या माणसाला त्या आवाजाचा त्रासही होतो, तक्रारी होतात, कधी रेल्वेकडून कारवाईही होते. तक्रार करणाऱ्यालाही दोष देववत नाही. पण गाळ्यातली वीणा लोकलच्या डब्यात पोचली हे ध्यानात घ्या.

म्हणून घर घेण्याआधी एवढे विचारा: कामाच्या जागेपासून ते किती तासांवर आहे? जवळपास कुणाचा हरिपाठ चालतो का, चालत जाता येईल का? आषाढीला किती दिवस रजा मिळेल? गावाकडे निदान एक खण आणि थोडी जमीन राहील का? या प्रश्नांची उत्तरे बरी असतील तर खुशाल राहा, मुंबई वाईट नाही. नसतील तर चौरस फुटांचा आकडा पाहून भुलू नका.

बीडीडी चाळींच्या जागी आता उंच इमारती होत आहेत आणि १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचे घर मिळते आहे; त्यांच्यासाठी आनंद आहे. गिरणी कामगारांचे मात्र वेगळे. दीड लाखाहून अधिक कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले आहेत. त्यांच्यापुढे शेलू-वांगणीचा पर्याय ठेवला गेला, म्हणजे मुंबईपासून पाऊणशे किलोमीटरच्या पलीकडे. जुलै २०२५ मध्ये, आषाढी होऊन चार दिवस झाले नव्हते, ही म्हातारी माणसे आझाद मैदानात उतरली. घर हवे, पण मुंबईत हवे, असे त्यांचे म्हणणे होते.