फुप्फुसदाह आणि संवेदी तंत्रिका

फुप्फुसदाह आणि संवेदी तंत्रिका : रोगप्रतिकार पेशींमुळे फुप्फुसांत उद्भवणारा दाह वाढवण्यात किंवा आवरण्यात संवेदी तंत्रिकांचा असलेला वाटा. या तंत्रिका धोक्याची वर्दी मेंदूला देतातच. शिवाय त्यांच्या टोकांतून स्रवणारी पेप्टाइडे थेट प्रतिकार पेशींवर परिणाम करतात.

रचना : फुप्फुसांतील संवेदी तंतू मुख्यतः व्हेगस या दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेतून जातात. यांतील अनेक वेदनाग्राही तंतूंवर टीआरपीव्ही१ हा ग्राही असतो. उष्णता, आम्ल आणि मिरचीतील कॅप्सेसिन यांनी तो उघडतो. फोडणीत मिरची करपली की लागणारा ठसका हे त्याचे घरोघरचे उदाहरण. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राही शोधला. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक अर्डेम पातापुतियन यांच्यासह मिळाले.

कार्य : चेतवलेल्या टोकांतून ‘सबस्टन्स पी’ व सीजीआरपी ही पेप्टाइडे सुटतात. त्यांमुळे रक्तवाहिन्या विस्फारतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि ऊतींना सूज येते. यास तंत्रिकाजन्य दाह म्हणतात.

दम्यातील सहभाग : क्लिफर्ड वूल्फ यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत एक दुष्टचक्र दाखवले. प्रतिकार पेशींनी सोडलेले इंटरल्यूकिन-५ हे संदेशवाहक प्रथिन वेदनाग्राहींना चेतवते. ते व्हीआयपी हे पेप्टाइड सोडतात आणि त्यामुळे प्रतिकार पेशी आणखी इंटरल्यूकिन-५ तयार करतात. लिडोकेन या बधिरकाशी नाते असलेले क्यूएक्स-३१४ हे द्रव्य उघडलेल्या ग्राहींतूनच तंतूत शिरते, म्हणून ते चेतलेल्या तंतूंनाच शांत करते. ते दिल्यावर उंदरांतील दाह कमी झाला.

जिवाणूसंसर्गातील सहभाग : येथे चित्र उलटे दिसते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमुळे झालेल्या न्यूमोनियात हेच वेदनाग्राही सीजीआरपीद्वारे न्यूट्रोफिल या प्रतिकार पेशींना रोखतात. हे वेदनाग्राही काढून टाकलेले उंदीर संसर्गातून अधिक संख्येने वाचले, असे २०१८ मध्ये आढळले. म्हणजे एकच तंत्रिका दम्यात दाह भडकवते आणि संसर्गात आवश्यक प्रतिकारही दाबते.

उपचार : या तंतूंवरील पी२एक्स३ ग्राही रोखणारे गेफापिक्सन्ट हे औषध जपानमध्ये २०२२ मध्ये जुनाट खोकल्यासाठी मंजूर झाले. मात्र तंत्रिकांद्वारे दाह आवरण्याचा पुरावा बहुतांशी उंदरांवरील प्रयोगांतला आहे. दम्याच्या दाहावर श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइडे हाच आजही मुख्य उपचार आहे; रुग्णाने ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय थांबवू नयेत.