वत्सगुल्माची वाट : नवोदित कवीचे ध्येय आणि राजशेखर

नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि वाशीमचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात पुन्हा एकदा नोंदले गेले. ‘पुन्हा’ हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक योजला आहे. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. परंतु वाशीम गावाचे जुने नाव वत्सगुल्म, आणि या नावाभोवती संस्कृत-प्राकृत काव्यविचाराचा एक मोठा धागा गुंडाळलेला आहे. दहाव्या शतकाच्या प्रारंभी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली, तेव्हा काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह त्याने याच नगरात लावून दिला.

साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात ही कथा बहुधा रीतिविचाराच्या टिपणात एका ओळीत उरकली जाते. पुढे त्याच ग्रंथात आमच्या वर्गांतून दरवर्षी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. नव्याने लिहू लागलेल्याने आपल्यासमोर कोणते ध्येय ठेवावे, हा तो प्रश्न. वत्सगुल्माची कथा आणि या प्रश्नाचे उत्तर ही दोन्ही एकत्र वाचावीत, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वत्सगुल्माविषयी. वाकाटकांच्या दोन प्रमुख शाखांपैकी एकीची ही राजधानी. चौथ्या शतकात पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने ही शाखा स्थापन केली. १९३९ साली वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि या शाखेचा इतिहास उजेडात येऊ लागला. राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षातील या ताम्रपटात वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचे जे संपादन केले, ते १९६३ साली प्रसिद्ध झाले. वत्सगुल्माच्या राजांचा क्रम त्यामुळे सर्वांपुढे एकत्रित आला. सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या शास्त्रकारांच्या ग्रंथांतील त्याचे उल्लेख आणि अवतरणे एवढीच काय ती शिल्लक आहेत. कुंतकाने मात्र सुकुमार मार्गाचा कवी म्हणून सर्वसेनाला थेट कालिदासाच्या पंगतीला बसवले. याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले.

राजशेखर लिहीत होता तेव्हा हे राज्य लयाला जाऊन चार शतके उलटली होती. त्याचे घराणे यायावर. अकालजलद या आपल्या पूर्वजाला तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो. त्याचे स्वतःचे आयुष्य मात्र कनोजच्या प्रतिहारांच्या आणि त्रिपुरीच्या कलचुरींच्या दरबारांशी बांधलेले. असे असूनही ‘कर्पूरमंजरी’च्या आरंभी तो रीतींची नावे घेतो, तेव्हा वैदर्भीच्या जागी ‘वच्छोमी’ म्हणतो. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची. राजधानी गेली, राजे गेले, सर्वसेनाचे काव्यही गेले. लिहिण्याची एक पद्धत या गावाच्या नावाने ओळखली जात राहिली.

आता कथा. सरस्वतीने हिमालयावर तप केले आणि तिला पुत्र झाला. जन्मतःच तो छंदोबद्ध बोलला. हाच काव्यपुरुष. पुढे ब्रह्मदेवाच्या सभेत उठलेल्या वादाचा निर्णय देण्यासाठी सरस्वती निघाली, तेव्हा मुलगा मागे लागला. आईने त्याला सोबत नेले नाही. तो रुसून निघून गेला आणि त्याचा सवंगडी कुमार रडू लागला. प्रेमावाचून दुसरे बंधन नाही असे जाणून गौरीने साहित्यविद्या निर्माण केली आणि तिला त्याच्या मागे पाठविले. तो पूर्वेला गेला, पांचालात गेला, अवंतीत गेला. प्रत्येक ठिकाणी तिने वेष बदलला, नृत्य बदलले, बोलण्याची तऱ्हा बदलली. पूर्वेत तो वळला नाही, तेव्हा त्याच्या तोंडून लांब समासांची, अनुप्रासांनी भरलेली गौडी निघाली. पांचालात तो थोडा सैल झाला आणि समासही आखूड झाले. दक्षिणेत आल्यावर तो पूर्ण वश झाला आणि वैदर्भी बोलला. विदर्भातील वत्सगुल्म हे मदनाचे क्रीडास्थान. तेथे त्याने साहित्यविद्येशी गांधर्वविवाह केला.

ही कथा रीतींचा भूगोल सांगण्यासाठी रचली आहे, हे उघडच आहे. आम्हांस तीत आणखी एक अर्थ दिसतो. काव्यपुरुषाला प्रतिभा उपजत आहे. पहिल्याच दिवशी तो पद्यात बोलतो. त्याच्याजवळ नाही ते साहित्य, म्हणजे शब्द आणि अर्थ यांचे एकत्र नांदणे. ते त्याला घरी मिळत नाही आणि मागितल्यानेही मिळत नाही. तो निघतो तेव्हा वत्सगुल्माला पोहोचायचे असे त्याने ठरविलेले नसते. वाटेतल्या प्रत्येक प्रदेशात तो थोडा थोडा बदलत जातो आणि त्या बदलाबरोबर त्याची भाषा बदलते. उमेदवार कवीच्या वाटचालीचे एवढे नेमके रूपक आमच्या परंपरेत क्वचितच सापडेल.

राजशेखर केवळ रूपकावर थांबत नाही. पाचव्या अध्यायात त्याने कवीच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत. शेवटच्या तीन मंत्रसिद्धी आणि उपदेश यांच्याशी संबंधित असल्याने येथे बाजूस ठेवू. पहिल्या सात अशा. कवित्वाची इच्छा धरून गुरुकुलात विद्या शिकणारा तो काव्यविद्यास्नातक. मनातल्या मनात रचतो आणि लपवून ठेवतो तो हृदयकवी. रचना स्वतःची, पण दोष निघेल या भीतीने ती दुसऱ्याची म्हणून ऐकवितो, तो अन्यापदेशी. पूर्वसूरींपैकी कोणा एकाची छाया गिरवितो तो सेविता. निर्दोष लिहितो, परंतु सलग प्रबंध बांधीत नाही तो घटमान. कोणत्याही एका प्रकारच्या प्रबंधात जो प्रवीण, तो महाकवी. आणि अनेक भाषांत, अनेक प्रबंधांत, अनेक रसांत जो स्वतंत्र, तो कविराज.

या यादीत नवोदिताला उणे लेखणारी एकही पायरी नाही. वहीत लिहून वही कपाटात ठेवणारा मुलगा किंवा मुलगी आपल्याला भित्री वाटते. राजशेखराच्या लेखी ती हृदयकवी असते, आणि ती एक रीतसर अवस्था आहे. टोपणनावाआड दडणाऱ्यालाही त्याने जागा दिली आहे. मर्ढेकरांसारखे किंवा ग्रेससारखे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण ‘अनुकरण’ म्हणून हिणवतो, तो सेविता. एका पायरीवर असणे हा दोष नव्हे. तेथेच मुक्काम ठोकणे हा दोष. उसनवारीच्या मर्यादांचा विचार तर राजशेखराने पुढे अकराव्या ते तेराव्या अध्यायांत इतक्या बारकाईने केला आहे की, अनुकरण ही शिकण्याची अपरिहार्य अवस्था त्याने गृहीतच धरली होती हे स्पष्ट होते.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे ‘महाकवी’ या शब्दाची व्याप्ती. आज हा शब्द आपण पुतळ्यांसाठी राखून ठेवला आहे. येथे त्याचा अर्थ कोणताही एक रचनाप्रकार हाती धरून तो तडीस नेणारा एवढाच आहे. घटमान आणि महाकवी यांच्यातील अंतर गुणवत्तेपेक्षा बांधणीचे आहे. दोघांचेही लेखन निर्दोष, पण एकाचे सुटे आणि दुसऱ्याचे सलग. कविराज मात्र जगात मोजकेच, असे राजशेखर बजावतो. स्वतःला तो कविराज म्हणवून घेतो हे खरे. पण ‘कर्पूरमंजरी’त त्याने आपण आधी बालकवी होतो हेही सांगून ठेवले आहे. सर्वांनी कविराजपदाकडे डोळे लावून बसावे असे तो कोठेही म्हणत नाही.

मग आरंभ कोठून करावा? दहाव्या अध्यायात, कविचर्येत, आचार्यांचे मत म्हणून तो सांगतो की कवीने प्रथम स्वतःचे माप घ्यावे. माझ्यावर संस्कार किती झाला आहे? कोणत्या भाषेत माझी शक्ती चालते? लोकांची किंवा आश्रयदात्याची रुची कशी आहे? तो कोणत्या गोष्ठीत वाढलेला आहे? त्याचे मन कोठे रमते? एवढे जाणून भाषा निवडावी. यावर राजशेखराची स्वतःची पुस्ती अशी की, हे नियम एका प्रांतापुरत्या कवीसाठी. स्वतंत्र कवीला सगळ्या भाषा एकीसारख्याच. प्रश्नांचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. प्रसिद्धीचा विचार वर्ज्य नाही, वाचकाचा आणि आश्रयाचा विचार तर उघडपणे केलेला आहे. पण तो येतो स्वतःच्या तयारीच्या हिशेबानंतर.

या हिशेबातून जे ध्येय निघते, ते अखेर दिवसाच्या वेळापत्रकात उतरते. सकाळचा पहिला प्रहर अभ्यासाला : शब्द, कोश, छंद, अलंकार. दुसरा रचनेला. भोजनानंतर तिसऱ्या प्रहरी काव्यगोष्ठी. चौथ्या प्रहरी एकट्याने, किंवा मोजक्या मंडळींसह, सकाळच्या रचनेची परीक्षा. रसाच्या आवेगात लिहिताना विवेकाची दृष्टी राहत नाही, म्हणून ही परीक्षा वेगळ्या वेळी. अधिक असेल ते काढावे, उणे असेल ते भरावे, चुकीच्या जागी पडलेले हलवावे, विसरलेले आठवावे. मग संध्याकाळी त्याची पक्की प्रत करावी आणि रात्री स्वस्थ झोपावे. काव्याच्या ज्या आठ माता तो मोजतो, त्यांत प्रतिभा, अभ्यास, बहुश्रुतता आहेतच. शिवाय स्वास्थ्य आहे आणि अनिर्वेदही आहे. अनिर्वेद म्हणजे खचून न जाणे. हे गुण त्याने प्रतिभेच्याच पंक्तीत बसविले आहेत, याची नोंद घ्यावी.

दिवसभर मोकळा असणारा कवी तेव्हाही दुर्मीळच असणार. म्हणून वेळेच्या दृष्टीने तो कवींचे चार वर्ग करतो, आणि त्यांतला ‘दत्तावसर’ आम्हांस विशेष जवळचा वाटतो : सेवाचाकरी न बुडविता उरलेल्या वेळात लिहिणारा. अशा कवीला पहाटेचा समय, जेवणानंतरची स्वस्थता, वाहनातील प्रवास असे काही काळ तो सुचवितो. वाशीमहून रिसोडला किंवा कारंज्याला रोज एसटीने जाणाऱ्या शिक्षकाला याहून व्यवहार्य सल्ला आजही कोणी देऊ शकणार नाही.

काव्याचा घात कशाने होतो, हेही त्याने लिहून ठेवले आहे. दारिद्र्य, व्यसन, अवहेलना ही कारणे अपेक्षित आहेत. आग, पाणी आणि राष्ट्रावरील संकट हीही आहेत. त्यांच्याच जोडीला तो कर्त्याच्या मनातील घोळ ठेवतो : नंतर पुरे करीन, नंतर संस्कार करीन, मित्रांशी चर्चा करून मग पाहीन. पुढे ढकलणे हे अग्नीइतकेच विनाशक आहे, असे त्याचे म्हणणे. आणि केवळ लोकनिंदेने स्वतःविषयी घृणा बाळगू नये. लोक निरंकुश असतात, आपण आपल्याला ओळखावे. त्याचबरोबर स्वतःच्या कृतीला फार मानू नये, कारण पक्षपाताने गुणदोषांची उलटापालट होते. या दोन सूचना एकमेकींना तोलून धरतात.

येथे एक आक्षेप येतो. काव्याचे एकमेव कारण शक्ती, असे राजशेखराचे स्वतःचे मत. श्यामदेव समाधीला श्रेष्ठ मानतो, मंगल अभ्यासाला. राजशेखर दोन्हींना शक्ती उजळविणारे प्रयत्न मानतो, एक आतला आणि एक बाहेरचा. मग शक्तीच नसेल तर एवढ्या दिनचर्येचा उपयोग काय? पुढच्या शतकातील क्षेमेंद्र या ठिकाणी निष्ठुर आहे. स्वभावतःच दगडासारखे असलेले, व्याकरणाने नष्ट झालेले आणि तर्काने भाजलेले शिष्य तो असाध्य ठरवितो. राजशेखरही कुकवी होण्यापेक्षा अकवी राहणे बरे म्हणतो. पण शक्ती आहे की नाही, हे तो जन्मपत्रिकेवरून ठरवीत नाही. मध्यम पाकाच्या रचनेवर संस्कार करावा, असे तो सांगतो. संस्कार केल्यावाचून मध्यम कोणते आणि टाकाऊ कोणते हे कळावे कसे? दिनचर्या ही शक्तीचा पर्याय नसून तिची कसोटी आहे, असा त्याच्या भूमिकेचा अर्थ आम्ही लावतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. ही चर्या सहा ऋतूंना साजेशा उद्यानांच्या घरात राहणाऱ्या दरबारी कवीची आहे. राजसभेच्या त्याच्या आराखड्यात संस्कृत कवी उत्तरेला, प्राकृत पूर्वेला, अपभ्रंश पश्चिमेला. आणि चित्रकार, सोनार, सुतार, लोहार हे अपभ्रंश कवींच्या मागे. कलावंतांना सभेत जागा आहे, पण ती मागची आहे. अजिंठ्याची भिंत रंगविणाऱ्या उमेदवाराने आपला दिवस कसा आखला असेल, हे कोणत्याच ग्रंथाने लिहून ठेवले नाही. तथापि एका बाबतीत राजशेखर आपल्या काळाच्या पुढे गेला : संस्कार आत्म्याचा असतो, तो स्त्री-पुरुष भेद पाहत नाही, म्हणून स्त्रियांनीही कवी व्हावे, असे त्याने स्पष्ट म्हटले आणि आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मते शास्त्रकाराची मते म्हणून नावानिशी नोंदविली.

‘काव्यमीमांसा’ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापली गेली. ग्रंथाची योजना अठरा अधिकरणांची होती. उपलब्ध आहे ते पहिले, ‘कविरहस्य’. उरलेली सतरा लिहिलीच गेली नाहीत, की सर्वसेनाच्या ‘हरिविजया’प्रमाणे काळाने नेली, हे कोडे तसेच राहिले आहे. उरले आहे ते नेमके उमेदवारासाठी लिहिलेले अधिकरण. आमच्या विद्यार्थ्यांनी ते परीक्षेच्या टिपणापलीकडे जाऊन वाचावे, आणि वाचताना सात पायऱ्यांपैकी आपण आज कोणत्या पायरीवर आहोत, एवढे समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे.