सारा, लिलाव आणि सार्वजनिक सभा

आंजर्ल्याच्या खाडीपलीकडे हर्णै, त्याच्या खाली मुरूड. त्याच दापोली तालुक्यातले चिखलगाव म्हणजे लोकमान्य टिळकांच्या घराण्याचे खोतीचे गाव, म्हणजे कुळांकडून सारा गोळा करून तो सरकारला भरण्याचा हक्क खोताकडे असलेले गाव. पुणे सार्वजनिक सभेची वाटचाल मला या किनाऱ्यावरून पाहावीशी वाटते.

सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. सभासद व्हायचे तर किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र लागे. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी तिला लवकरच शेतसाऱ्याच्या प्रश्नाकडे वळवले.

प्रश्न जिवावरचा होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात थकबाकी वसुलीचे सगळे मार्ग होते : नोटीस, चीजवस्तूंची जप्ती, जमीन सरकारजमा करून लिलाव आणि अटकसुद्धा. सरकारजमा जमिनीवरचा सावकाराचा बोजाही उडत असे. म्हणून पुष्कळदा सावकारच सारा भरी आणि ती रक्कम शेतकऱ्याच्या नावे चढवी. लिलाव टळे, कर्ज वाढे.

१८९६ च्या दुष्काळात सभेने केलेले काम मी सर्वांत मोलाचे मानतो. तेव्हा सभा टिळकांच्या हाती होती. पीक बुडाले तर सारा तहकूब किंवा माफ होऊ शकतो, हे सरकारच्याच दुष्काळ संहितेत लिहिलेले होते. सभेचे प्रतिनिधी गावोगाव जाऊन तेच मराठीत समजावून सांगू लागले. जमिनी विकून, कर्ज काढून सारा भरू नका, असे टिळक सांगत. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

१९०१ साली थकबाकीपोटी जप्त झालेली जमीन विकता वा गहाण टाकता येणार नाही अशा शर्तीवर परत देण्याचे विधेयक आले. तेव्हा सभेतून आधीच बाहेर पडलेले, कोकणातल्याच कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले फिरोजशहा मेहतांबरोबर कायदेमंडळातून उठून गेले.

पण खोताखालच्या कुळाला या लढ्यात जागा नव्हती, हे दुःख आहे. खोताने सारा थकवला तर अख्खे गाव जप्तीत जाई. कसणाऱ्याच्या नावावर मात्र लिलावात काढायलाही जमीन नसे. खोती कायद्याच्या दुरुस्तीच्या वेळी तर टिळकांच्या ‘केसरी’ने खोतांची बाजू घेतली. कुळांसाठी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले ते डॉ. आंबेडकरांनी, त्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्याच मंडणगड तालुक्यातले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.