आळशी कोण? दोन मागांचा, चार मागांचा आणि सोळा मागांचा विणकर

१/ हिंजवडीत एकाच इमारतीच्या एका मजल्यावर अमेरिकी ग्राहकाचे काम चालते, तर दुसऱ्यावर युरोपीय ग्राहकाचे. अमेरिकेतून रात्री अकराला फोन येतो. युरोपातील ग्राहक ऑगस्टमध्ये सुटीवर असतो. निष्कर्ष ठरलेला: अमेरिकी माणूस जात्याच कष्टाळू, युरोपीय आरामप्रिय. हा निष्कर्ष इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो?

२/ शंभर वर्षांपूर्वी याच तराजूत मुंबईचा गिरणी कामगार तोलला जात होता. एक विणकर किती माग (गिरणगावच्या बोलीत ‘साचे’) सांभाळतो, हे त्या काळचे मोजमाप. मुंबईत साधारणपणे दोन, लँकेशायरमध्ये चार, अमेरिकेतील स्वयंचलित मागांवर सोळा किंवा त्याहून अधिक. या आकड्यांवरून हिंदी कामगार आळशी ठरला.

३/ आता यंत्राकडे पाहू. १८९४ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील ड्रेपर कंपनीने नॉर्थ्रप माग बाजारात आणला. धोट्यातील कांडी संपताच नवी कांडी आपोआप भरली जाई. ताण्याचा धागा तुटताच माग स्वतःहून थांबे. त्याचा संशोधक जेम्स नॉर्थ्रप मूळचा यॉर्कशायरचा, अमेरिकेत स्थलांतरित झालेला इंग्रज! अमेरिकी विणकराच्या सोळा मागांमागे इंग्रज कारागिराचे डोके होते.

४/ मग हे यंत्र सर्वत्र का पसरले नाही? अमेरिकेत मजुरी महाग, त्यामुळे महागडे यंत्र मालकाला परवडे. लँकेशायरकडे कुशल विणकर आणि उत्तम चालणारे जुने माग होते. मुंबईत मजुरी इतकी स्वस्त, की यंत्रापेक्षा आणखी एक माणूस ठेवणे सोपे. त्यातच आखूड धाग्याच्या कापसाचे सूत वारंवार तुटे आणि प्रत्येक तुटलेला धागा हातानेच जोडावा लागे.

५/ कामाच्या तासांचा हिशेबही असाच विषम होता. ब्रिटनमध्ये १८४७ साली स्त्रिया व अल्पवयीनांसाठी दहा तासांचा कायदा झाला. हिंदुस्थानातील १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने केवळ बालकामगारांना संरक्षण दिले. प्रौढ पुरुषाच्या तासांवर मर्यादा नव्हती. पुढे विजेचे दिवे आले आणि काही गिरण्यांत सूर्यास्तानंतरही काम सुरू राहू लागले.

६/ या प्रश्नाला वाचा फोडणाऱ्या पत्राचा जन्म पुण्यात झाला. सत्यशोधक चळवळीतील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ सुरू केले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

७/ पुण्याचा दुसरा आवाज मात्र वेगळे सांगत होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी फॅक्टरी कायद्यांना विरोध केला. हिंदी गिरण्यांची स्पर्धा मोडण्याचा हा लँकेशायरचा डाव आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो निराधार नव्हता. लँकेशायरच्या गिरणीमालकांना हे कायदे हवेच होते. तरीही राष्ट्राच्या उद्योगाची किंमत बारा-चौदा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने का मोजावी, हा ‘दीनबंधु’चा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

८/ १९०८ च्या फॅक्टरी कामगार आयोगाने हिंदी कामगाराच्या रेंगाळण्याच्या सवयीची नोंद घेतली आणि बहुमताने प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालणे नाकारले. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका लिहून ही मर्यादा मागितली. जेवण, विडी, शरीरधर्म हे सारे चालू पाळीतच उरकावे लागत असेल, तर माणूस यंत्रापासून दूर जाणारच. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली.

९/ १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. त्यांचे शिक्षण पुण्यात झालेले, आणि ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य. परिषदेने आठवड्याला ४८ तासांचे तत्त्व स्वीकारले. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र ६० तासांचा अपवाद केला. ४८ तास येथे पोहोचायला फॅक्टरी कायद्यातील १९४६ ची दुरुस्ती यावी लागली.

१०/ दरम्यान १९२८ मध्ये मुंबईच्या मालकांनी ‘सुसूत्रीकरणा’च्या नावाखाली प्रत्येक विणकरावर अधिक माग सोपवायला सुरुवात केली. सूत तेच, यंत्र जुनेच आणि कपातीची टांगती तलवार. सुमारे दीड लाख कामगारांचा संप सहा महिने चालला. सूत न सुधारता माग वाढवले, तर तुटणाऱ्या धाग्यांमागे विणकर धावणार किती?

११/ आता पुन्हा अमेरिका आणि युरोप. १९७० च्या सुमारास अमेरिकी आणि पश्चिम युरोपीय कामगारांच्या वार्षिक तासांत फारसे अंतर नव्हते. पुढे ते वाढत गेले. फ्रान्सने १९३६ मध्ये दोन आठवड्यांची, तर १९८२ मध्ये पाच आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली. २००० पासून ३५ तासांचा आठवडा लागू होत गेला. अमेरिकेत खासगी नोकरदाराला पगारी वार्षिक रजा देणारा संघीय कायदा आजही नाही. अर्ध्या शतकात लोकांचा स्वभाव पालटत नाही. कायदे, करार आणि मजुरीची गणिते पालटतात.

१२/ म्हणून एखाद्या समाजाला ‘कष्टाळू’ किंवा ‘आळशी’ म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: त्याच्या हाती यंत्र कोणते होते, त्याच्या एका तासाचे मोल काय होते, आणि थांबण्याचा हक्क त्याला कोणी दिला होता? पुणेकर तरुण ज्या रविवारी निवांत उठतो, तो रविवार कुणाच्या स्वभावातून आलेला नाही. साडेपाच हजार सह्यांच्या निवेदनापासून सहा वर्षे चाललेल्या लढ्यातून तो आला आहे.