चेन दुश्यू : एका संस्थापकाचा दुभंगलेला वारसा

पक्षाच्या संस्थापकाला त्याचे अनुयायी सहसा देव्हाऱ्यात बसवितात. चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे पहिले प्रमुख चेन दुश्यू (१८७९–१९४२) यांच्या वाट्याला मात्र हकालपट्टी आली, आणि ‘उजवा संधिसाधू’ हा शिक्का मरणोत्तरही अनेक दशके पुसला गेला नाही.

आनह्वी प्रांतातील आनछिंग येथे जन्मलेल्या चेन यांनी १९१५ साली शांघायमध्ये काढलेले आणि पुढे ‘नवतारुण्य’ या नावाने गाजलेले मासिक चिनी प्रबोधनाचे व्यासपीठ ठरले. कन्फ्यूशियसप्रणीत नीतीवर त्यांनी प्रहार केले, ग्रांथिक भाषेऐवजी बोलभाषेचा कैवार घेतला आणि १९१९ मध्ये लोकशाही व विज्ञान या दोन ‘सद्‌गृहस्थां’वाचून चीनचा तरणोपाय नाही, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी पेकिंगमध्ये पत्रके वाटताना त्यांना अटक झाली. १९२१ साली शांघायला पक्षाचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा ते तेथे उपस्थितही नव्हते. तरी प्रमुखपद त्यांच्याकडेच आले. आपल्यावर चेन यांचा प्रभाव फार मोठा होता, हे माओ त्से-तुंग यांनीही १९३६ साली एडगर स्नो यांच्यापाशी मान्य केले.

वादाचे मूळ १९२७ च्या पराभवात आहे. कम्युनिस्टांनी कुओमिंतांगमध्ये सामील व्हावे, हा आग्रह कॉमिंटर्नचा होता. चेन यांचा त्याला आरंभी विरोध होता. १९२६ नंतर बाहेर पडण्याची सूचनाही त्यांनी केली. मॉस्कोने ती फेटाळली आणि चेन यांनी आज्ञा पाळली. १२ एप्रिल १९२७ रोजी च्यांग कै-शेक यांनी शांघायमध्ये कम्युनिस्टांचे शिरकाण आरंभिले. येननिएन आणि छियाओनिएन हे चेन यांचे दोन पुत्र १९२७ व १९२८ मध्ये याच दमनसत्रात मारले गेले. धोरण मॉस्कोचे, बळी चिनी कार्यकर्त्यांचे आणि अपयशाचे खापर मात्र चेन यांच्या माथी, असा हा न्याय होता. तथापि ते सर्वस्वी निर्दोष ठरत नाहीत. चुकीची वाटणारी आज्ञा आपण पाळली, याची कबुली त्यांनी स्वतःच डिसेंबर १९२९ च्या पत्रात दिली. तत्पूर्वीच पक्षाने त्यांना काढून टाकले होते.

त्या वेळी कॉमिंटर्नचे प्रतिनिधी म्हणून मानवेंद्रनाथ रॉय वुहानमध्ये होते. स्टालिनची तार त्यांनी डाव्या कुओमिंतांगचे नेते वांग चिंग-वेई यांना दाखविली आणि उरलीसुरली युती तुटण्यास ते एक निमित्त झाले. पुढे रॉय यांनाही १९२९ मध्येच कॉमिंटर्नने दूर केले. दोघांनीही तुरुंगवास भोगला, आणि दोघेही आपापल्या वाटेने व्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रश्नाशी येऊन ठेपले. मात्र रॉय यांच्या नवमानवतावादाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे भाष्यकार लाभले. चेन यांच्या अखेरच्या विचारांना स्वदेशी तसा मोकळा वाद-संवाद लाभला नाही.

ते विचार १९४० च्या सुमाराच्या पत्रांत आहेत. चेन त्या वेळी ट्रॉट्स्कीवादापासूनही दूर सरकले होते. लोकशाही ही केवळ भांडवलदारांची मालमत्ता नव्हे, आणि स्टालिनच्या अत्याचारांचे मूळ एका माणसाच्या स्वभावात नसून हुकूमशाहीच्या व्यवस्थेत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९४२ मध्ये सिचुआनमधील च्यांगचिन येथे विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले.

माओंच्या निधनानंतर चिनी इतिहासकारांनी कॉमिंटर्नच्या जबाबदारीची चर्चा सुरू केली. चेन जपानचे हस्तक होते हा आरोपही मागे पडला. पक्षाच्या शताब्दिवर्षी, २०२१ मध्ये, चिनी दूरदर्शनवरील एका लोकप्रिय मालिकेत ते नायक म्हणून झळकले. परंतु ती कथा पक्षस्थापनेपाशीच थांबते. हा थांबा अर्थपूर्ण आहे. १९१९ चा चेन पक्षाला हवा आहे, १९४० चा नको. वास्तविक हे दोन चेन नाहीत. ज्या लोकशाहीची हाक देऊन त्यांनी आरंभ केला, तिच्याकडेच ते सर्वस्व गमावून परतले. त्यांचा वारसा अखंड स्वीकारणे म्हणजे त्यांनी स्थापिलेल्या पक्षाला त्यांनीच विचारलेला प्रश्न ऐकून घेणे होय.