वसईच्या किल्ल्यातील चर्च : स्मारक कोणाचे?

आचोळ्याहून वसईच्या किल्ल्यात जाणारा मराठी माणूस बहुधा चिमाजी अप्पांचे स्मारक पाहण्यासाठी जातो. ते स्वाभाविकच आहे. १७३९ चा विजय शालेय इतिहासाने आपल्या मनावर कोरला आहे. भोवतालची भग्न चर्चे मात्र आपण त्या विजयाची पार्श्वभूमी म्हणूनच पाहतो. (त्यांना ‘मध्ययुगीन’ म्हणण्याची आपली सवयही मौजेची, पोर्तुगीज १५३४ मध्ये येथे आले, तेव्हा युरोपात प्रबोधनकाळ होता.)

यांतील सेंट जोसेफचे चर्च १५४६ मधले. १६०१ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. आज छप्पर नाही, मनोरा उभा आहे. ही पडझड एकट्या तोफांची नव्हे. तहानुसार पोर्तुगीज सन्मानाने बाहेर पडले, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्माचरणाची मुभा मिळाली; पण चर्चला पोसणारे धनिक आणि धर्मसंघ निघून गेल्यावर वास्तू सांभाळणार कोण? घंटा तेवढ्या विजयचिन्हे म्हणून गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर, मेणवली येथील घंटा याच मोहिमेतील मानल्या जातात. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मरियेची आकृती आहे.

वसईच्या ख्रिस्ती समाजाची स्मृती वेगळी. वसईत जन्मलेले, येथील जेझुइटांकडे शिकलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये संतपदी पोहोचले. जेझुइटांचे भग्न चर्च आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एकाच तटाच्या आत विजयस्तंभही आहे आणि तीर्थही. चर्चला ‘देऊळ’ म्हणणारा, घरात कादोडी बोलणारा येथील ख्रिस्ती माणूस या दोन्ही स्मृतींचा वारस आहे, हे आपल्या इतिहासलेखनात पुरेसे उमटलेले नाही, असे माझे मत आहे.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती फ्रान्सिस्कन चर्चची जमीन. ती पोर्तुगीज थडग्यांच्या शिळांनी मढलेली आहे. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण भिंतींना लाभते. पायाखालची अक्षरे मात्र झिजतच राहतात. जेर्सन दा कुन्हा यांनी चौल-वसईवरील १८७६ च्या ग्रंथात येथील अनेक लेख उतरवून ठेवले आहेत. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आपल्या विभागांनी विद्यार्थ्यांना एकदा तो ग्रंथ हाती देऊन या फरशीवर न्यावे आणि दीडशे वर्षांत किती अक्षरे पुसली गेली, ती ओळीओळीने ताडून पाहावीत.