शिकलगारांचा चपडा

आपल्या संगीताचा इतिहास लिहिताना घराणी, बंदिशी आणि आश्रयदाते यांची सविस्तर दखल घेतली जाते. वाद्य घडवणारा आला तर तळटीपेत येतो. लाकडाला रंग आणि पॉलिश देणारा हात तर तिथेही आम्हांला क्वचितच आढळला. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते, कारण तिथल्या परंपरेचा उगमच या हातात आहे.

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. शस्त्रांना धार लावणे व झळाळी देणे हा त्यांचा व्यवसाय. 'शिकल' हे अरबी 'सैकल'चे मराठी रूप. अर्थ, घासून आणलेली चकाकी. सूफी काव्यात अंतःकरणाच्या गंजलेल्या आरशाला सैकल केली जाते, तीच ही. 1818 मध्ये पेशवाई संपली, शस्त्रांची मागणी ओसरली, आणि 1850 च्या सुमारास पटवर्धनांच्या मिरजेत फरीदसाहेब या शिकलगाराने तंतुवाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवायला आरंभ केला, असे परंपरा सांगते. या घटनेकडे व्यवसायांतर म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. आम्हांला तीत सातत्य अधिक दिसते: पोलाद गेले, लाकूड आले, घासणे राहिले.

तुणीचे लाकूड आणि वाळवलेला भोपळा यांचे वाद्य जुळून आले, की खरी परीक्षा सुरू होते. पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा लागतो. आडवा फिरला, तर कोऱ्या लाकडावर न दिसलेला ओरखडा रंग पिऊन काळसर उमटतो. पाण्यात कालवलेल्या रंगाने लाकडाचे तंतू फुलून उभे राहतात. म्हणून आधी ओला हात फिरवून, वाळवून, पुन्हा घासायचे. मग चपडा. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या कीटकांनी स्रवलेली लाख शुद्ध केली की त्याच्या पातळ पापड्या होतात. त्या स्पिरिटमध्ये विरघळवून, फडक्यात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने थरावर थर द्यायचे. बोळा चिकटू नये म्हणून तेलाचा एखादा थेंब. हात मध्येच थांबला, तर ओला थर विरघळून तिथे डाग पडतो. युरोपातल्या क्लासिकल गिटारींनाही हेच पॉलिश दिले जाते आणि त्याला जगभर 'फ्रेंच' म्हणतात. (नाव फ्रेंच, लाख बहुतांशी आपल्याकडची!) हवेतला दमटपणा लाकडात झपाट्याने शिरू नये हे त्याचे काम, पण तबलीवर थर जाड झाला तर ती जड होते आणि नाद दबतो. किती द्यायचे यापेक्षा कुठे थांबायचे हे कळणे अवघड.

चपड्याचे दोषही उघड आहेत. पाण्याने तो पांढुरका पडतो, उष्णतेने मऊ होतो, स्पिरिट सांडले तर विरघळतो. फवाऱ्याने मारायची पॉलियुरेथेनसारखी आधुनिक लुकणे अधिक टणक आणि झटपट. कारागिराला वेळेचा हिशेब असतो, त्याला दोष देण्याचे आम्हांला कारण नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने काही दिवस मोठा होत नाही.

तरीही एका गोष्टीत चपड्याला तोड नाही आणि ती पाहायला मैफलीपेक्षा भजनात जावे. बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारख्या बालाघाटावरच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसला, की वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पहाऱ्यागणिक ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. घाम, बुक्का, मनगटाचे घर्षण हे सारे तिच्या दांडीवर उतरते आणि हात टेकतो तिथले पॉलिश आधी जाते. टणक लुकण असे उडाले, तर नवा थर जुन्याशी एकजीव होत नाही, ठिगळ दिसते. बहुधा सगळेच खरवडावे लागते. चपड्याचा जुना थर मात्र नव्यातल्या स्पिरिटने किंचित विरघळतो आणि त्यात मिसळून जातो. तेवढी जागा पुसायची, रंग जुळवायचा, बोळा फिरवायचा, आणि वीणा पुढच्या सप्ताहाला तयार.